परळचें जनावरांचें इस्पितळ

मुंबईच्या परळ भागांतून जाणाऱ्या मनुष्याला हा भाग म्हणजे दवाखान्यांचेंच एक गांव आहे असें वाटल्यावांचून राहत नाहीं. के. ई. एम. रुग्णालय, वाडियांचीं प्रसूतीचीं व मुलांचीं रुग्णालयें, टाटा स्मारक रुग्णालय आणि लशींच्या संशोधनासाठीं प्रसिद्ध असलेली हाफकिन संस्था, हीं सर्व येथें एकमेकांपासून हांकेच्या अंतरावर उभीं आहेत. दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेले रोग्यांचे नातेवाईक येथल्या रस्त्यांच्या कडेला दिवस काढतात. परंतु या गर्दींत एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ती ही कीं, या सर्व संस्थांमध्यें वयानें वडील असलेली संस्था माणसांच्या उपचारासाठीं निघालेली नाहीं. ती जनावरांसाठीं निघालेली आहे. हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासांत आली ती १८९९ सालीं. के. ई. एम. उघडलें १९२६ सालीं, आणि टाटा रुग्णालय १९४१ सालीं. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ मात्र १८८३ सालचें आहे.

श्रोतेहो, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. त्या काळच्या मुंबईची मालवाहतूक, तिचा प्रवास आणि तिचें दूध हीं तिन्ही जनावरांच्या अंगबळावर उभीं होतीं. बंदरावर उतरलेली कापसाची गांठ बैलगाडींतून गिरणींत जात असे, साहेब आणि शेठजी घोड्याच्या गाडींतून पेढीवर जात, आणि घरांतल्या मुलांचें दूध शहरांतल्याच तबेल्यांतून येत असे. शहराचा भार ज्यांच्या खांद्यावर पडतो त्यांच्या जखमा अखेर कोणत्या तरी दारांत येऊन थांबतात. तें दार म्हणजे हें इस्पितळ. म्हणून अशा ठिकाणच्या रोजच्या कामाकडे पाहणें म्हणजे शहराचा इतिहास त्याच्या उलट्या बाजूनें पाहणें होय. त्या कामाच्या मुळाशीं एक प्रश्न सदैव असतो. हें जनावर बरें करावयाचें तें कशासाठीं? त्याच्या किंमतीसाठीं, कीं त्याच्या जिवासाठीं? आजच्या भाषणांत या प्रश्नाचा धागा धरून आपण इस्पितळांत शिरणार आहों.

हा प्रश्न आपल्या देशांत नवा नाहीं. अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखांत राजानें दोन चिकित्सांची व्यवस्था केल्याचें सांगितलें आहे. एक मनुष्यांची आणि दुसरी पशूंची. जेथें औषधी वनस्पती नव्हत्या तेथें त्या आणवून लावल्या, रस्त्यांवर विहिरी खणविल्या, आणि हें सर्व पशूंच्या व मनुष्यांच्या उपयोगासाठीं केलें, असें तो लेख सांगतो. येथें पशूची किंमत किती, तो कामाचा कीं बिनकामाचा, याची विचारणा नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राचा सूर निराळा आहे. घोड्यांच्या अध्यक्षाचीं कर्तव्यें सांगतांना तेथें असा दंडक घातला आहे कीं, उपचाराच्या किंवा औषधाच्या दोषामुळें घोड्याचा रोग वाढला तर वैद्यानें उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड द्यावा. आणि त्याच्या अपराधानें घोडा दगावला तर घोड्याची किंमत भरून द्यावी. एका बाजूला करुणा आणि दुसऱ्या बाजूला खजिन्याचा हिशेब, असे हे दोन प्रवाह आहेत. दोन्हींनीं पशुवैद्यकाला पोसलें आहे. घोड्यांवरील शास्त्र शालिहोत्राच्या नांवानें आणि हत्तींवरील शास्त्र पालकाप्याच्या नांवानें चालत आलें. शालिहोत्राचें नांव तर या विद्येला इतकें चिकटलें कीं, पुढें उत्तर हिंदुस्थानांत आणि लष्करांत घोड्यांच्या वैद्याला ‘सलोत्री’ असेंच म्हणूं लागले.

मुंबईंत या दोन प्रवाहांपैकीं करुणेचा प्रवाह प्रथम वर आला, आणि तो शांतपणें आला नाहीं. १८३२ सालच्या जून महिन्यांत पोलिसांनीं भटकीं कुत्रीं मारण्याची मोहीम चालविली. कुत्रें हा प्राणी पारशी धर्मांत पवित्र मानलेला. समाजांत क्षोभ उसळला, बाजार बंद पडले, दंगल झाली आणि बंदोबस्तासाठीं लष्कर बोलवावें लागलें. या प्रकरणानंतर दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई व शेठ मोतीशा यांच्या पुढाकारानें भुलेश्वराजवळ पांजरपोळ निघाला. पारशी आणि जैन अशा दोन समाजांच्या दानशीलतेनें उभी राहिलेली ही संस्था आजहि चालू आहे. पांजरपोळाचें ब्रीद असें कीं, आलेल्या जिवाला परत लावावयाचें नाहीं. म्हातारा बैल, लंगडी गाय, भाकड म्हैस, सर्वांना तेथें दाणावैरण मिळावी. परंतु आसरा निराळा आणि उपचार निराळा. मोडलेल्या पायाच्या बैलाला मरेपर्यंत पोसणें हें पुण्य खरें. पण तो पाय बसविण्याची विद्या त्या पुण्यांतून आपोआप उत्पन्न होत नाहीं.

ती विद्या दुसऱ्या प्रवाहांतून आली. युरोपांत गुरांच्या सांथींनीं शेतकरी हवालदिल झाले, तेव्हां फ्रान्समध्यें क्लोद बूर्जला यानें लियाँ शहरीं १७६१ सालीं जगांतील पहिलें पशुवैद्यक विद्यालय स्थापन केलें. लंडनचें विद्यालय १७९१ सालचें. हिंदुस्थानांत या शास्त्राचा पहिला धनी लष्कर होतें. कारण रिसाल्याचा घोडा आजारी पडला तर रिसाला आजारी पडे. पुण्यास १८६२ सालीं लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. लाहोरचें विद्यालय १८८२ सालचें. येथें ज्ञान होतें, शिस्त होती, पण प्रश्न एकच विचारला जाई. जनावर पुन्हां कामावर केव्हां जाईल? आणि जें जाणार नाहीं त्याच्यासाठीं बंदुकीची गोळी हा सरळ तोडगा असे.

हे दोन प्रवाह परळला एकत्र आले. त्याची पूर्वतयारी १८७४ या एका सालांत दिसते. त्या वर्षाच्या मे महिन्याच्या ९ तारखेस मुंबईंत घोड्यांची ट्राम सुरू झाली, आणि तिच्या कंपनीच्या पागेंत आरंभींच ९०० घोडे होते. त्याच वर्षीं प्राण्यांना होणारी क्रूर वागणूक थांबविण्यासाठीं मुंबईंत एक मंडळी स्थापन झाली. एकाच वर्षीं शहरानें जनावरांवर नवें ओझें लादलें आणि त्या ओझ्यावर नजर ठेवणारेहि उभे केले. परंतु नजर ठेवणाऱ्यांपुढें लवकरच अडचण आली. रस्त्यांत जखमी बैल जुंपलेला आढळला, गाडीवानाला दंड झाला, पण पुढें त्या बैलाचें करावयाचें काय? जखम तशीच ठेवून त्याला धन्याच्या हवालीं केलें तर दुसऱ्या दिवशीं तो पुन्हां जुवाखालीं. ही उणीव गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीनें भरून निघाली. आपल्या पत्नीच्या नांवानें त्यांनीं परळला इस्पितळ उभें करून दिलें, आणि तें वरील मंडळीच्या व्यवस्थेखालीं चालूं लागलें.

तीन वर्षांनीं, १८८६ सालीं, त्याच आवारांत मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. त्याचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील हे लष्करी पशुवैद्य होते. त्यांची कारकीर्द अल्पायुषी ठरली, कारण १८९१ सालीं ते वारले. परंतु येथें येण्यापूर्वींच त्यांचें नांव एका महत्त्वाच्या शोधाशीं जोडलें गेलें होतें. घोडे, उंट आणि खेंचरें यांना झिजवून मारणारा ‘सर्रा’ नांवाचा ताप असतो. ग्रिफिथ इव्हान्स यांनीं १८८० सालीं डेरा इस्माइलखान येथें आजारी जनावरांच्या रक्तांत वळवळणारा एक सूक्ष्म जीव सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला आणि तोच रोगाचें कारण आहे असें प्रतिपादन केलें. स्टील यांनीं ब्रह्मदेशांतील खेंचरांच्या रक्तांत तो १८८५ सालीं पाहिला आणि त्याला इव्हान्स यांचें नांव दिलें. त्याचें वर्गीकरण पुढें बदललें, पण तें नांव आजतागायत टिकून आहे. इस्पितळ आणि विद्यालय शेजारीं आल्यानें अशा शोधांना नित्याच्या रोग्यांची जोड मिळाली. विद्यार्थ्याला पुस्तकांतला रोग वाचून झाल्यावर पांच पावलांवर तो रोग श्वास घेतांना दिसूं लागला.

आतां अशा इस्पितळाच्या दिनक्रमाकडे वळूं. काळ बदलला, औषधें बदललीं, तरी त्याचा सांगाडा फारसा बदललेला नाहीं. सकाळीं दार उघडण्याच्या आधींच बाहेर रांग लागलेली असते. कोणी गाय घेऊन आलेला असतो, कोणाच्या हातांत कुत्र्याची सांखळी असते, कोणाच्या पिशवींतून मांजराचें डोकें बाहेर डोकावत असतें. नोंदवहींत धन्याचें नांव, ठिकाण, जनावराची जात, वय, खुणा आणि तक्रार लिहिली जाते. तक्रार सांगतो तो धनी. रोग भोगतो तें जनावर. मनुष्यांच्या वैद्यकांतून पशुवैद्यकांत पाऊल टाकतांक्षणींच हा पहिला फरक जाणवतो. रोगी आणि वैद्य यांच्यामध्यें येथें एक तिसरा मनुष्य उभा असतो, आणि त्याचें सांगणें पूर्णपणें खरें किंवा पूर्णपणें खोटें सहसा नसतें. लंगडणारा बैल ‘कालपासून’ लंगडतो असें गाडीवान सांगतो. खुराची झीज पंधरा दिवसांची कथा सांगत असते.

म्हणून चांगला पशुवैद्य जनावराला हात लावण्यापूर्वीं त्याच्याकडे दुरून पाहतो. तें कसें उभें आहे, कोणत्या पायावरचा भार चोरतें आहे, कान कसे आहेत, बरगड्यांची हालचाल किती जलद आहे, गाईची नाकपुडी ओलसर आहे कीं कोरडी, हें सर्व तो टिपून घेतो. मग तो धन्याला विचारतो, ‘रवंथ करते का?’ गाईच्या बाबतींत हा एक प्रश्न पुष्कळशा तपासण्यांच्या तोडीचा आहे. चार कप्प्यांच्या त्या पोटाचें यंत्र चालू आहे कीं बंद पडलें, हें त्यावरून कळतें. डाव्या कुशींत मूठ दाबून धरली कीं निरोगी पोटाची लाट मिनिटाला एकदोन वेळां हाताला जाणवते. नाडी पाहण्याच्या जागाहि प्रत्येकाच्या निराळ्या. घोड्याची जबड्याच्या कडेला, गाईची शेंपटाच्या मुळाशीं खालच्या बाजूस, कुत्र्याची मांडीच्या आंतल्या अंगाला. विसाव्यांतल्या घोड्याची नाडी मिनिटाला ३० ते ४० वेळांच चालते. निरोगी गाईच्या अंगाची उष्णता फॅरनहाइटच्या मापानें सुमारें १०१.५ अंश असते. मनुष्याला तेवढी आली तर आपण अंथरूण धरूं. म्हणजे ज्याला आपण प्रकृति म्हणतों ती सुद्धां जातीगणिक बदलते, आणि वैद्याला प्रत्येक रोग्यागणिक आपलें माप बदलावें लागतें.

तपासणी संपली कीं धरपकड सुरू होते. मुक्या जनावराला उपचाराचा हेतु सांगतां येत नाहीं. दुखलें कीं तें लाथ मारतें, शिंग उगारतें, चावतें. म्हणून या दवाखान्यांत वैद्याइतकेंच महत्त्व त्याच्या मदतनिसाला असतें. लांब दोर बैलाच्या मानेभोंवतीं, छातीभोंवतीं व पोटाभोंवतीं ठराविक पद्धतीनें वेढून मागून सरळ ओढला कीं, चार माणसांना न आवरणारा बैल पाय दुमडून खालीं बसतो. त्यांत मारहाण नाहीं, केवळ दाब कोठें द्यावयाचा याचें ज्ञान आहे. गुंगीचीं औषधें येण्यापूर्वीं हा दोर हेंच शस्त्रक्रियेचें अर्धें शास्त्र होतें. आज टोंचून देण्याच्या औषधांनीं जनावर शांत करतां येतें, शरीराचा हवा तेवढाच भाग बधिर करतां येतो, आणि त्यामुळें एके काळीं क्रूर दिसणारें काम पुष्कळ सौम्य झालें आहे.

दुपारच्या कामांत शहराची आणि शेतीची ओळख पटते. जुवाच्या घर्षणानें बैलाचा खांदा सुजतो, सोलवटतो, आणि मग त्यांत पू धरतो. खडीच्या रस्त्यावर चालून खूर झिजतात. नालबंदानें ठोकलेली पत्री वांकडी बसली तर तीच पायांत रुतते. वयस्क बैलांच्या शिंगांत कर्करोग होतो; बैल डोकें एका अंगाला झुकवूं लागतो, शिंग ढिलें पडतें, आणि वेळेवर शिंग मुळापासून काढून टाकलें तर जनावर वांचतें. कोवळा ओला चारा अधाशीपणें खाल्लेली गाय पोट फुगून तडफडत येते, आणि तेव्हां नोंदवही बाजूला राहते. डाव्या कुशींत पोकळ नळीची सुई खुपसून वायु बाहेर सोडण्याला कांहीं मिनिटेंच मिळतात. अडलेली म्हैस, घोड्याचा पोटशूळ, पिसाळलेल्या कुत्र्यानें चावा घेतलेलें वासरूं, यांतलें कोणतेंहि संकट वेळ पाहून येत नाहीं.

आणि या सर्वांच्या पलीकडे, आवाराच्या एका कोपऱ्यांत, सांथीच्या रोग्यांची वेगळी जागा असते. तेथल्या भीतीचा इतिहास फार मोठा आहे. बुळकांडीचें नांव आज नव्या पिढीला परकें वाटेल. ताप, तोंडांत फोड, मग हगवण, आणि थोड्याच दिवसांत मृत्यु, अशा क्रमानें ती गोठेच्या गोठे रिकामे करीत असे. शेतकऱ्याची बैलजोडी गेली म्हणजे त्या वर्षाची पेरणीच गेली. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या आयोगानें हिंदुस्थानांतील गुरांच्या सांथींवर १८७१ सालीं अहवाल सादर केला. पुढें १८८९ सालीं पुण्यास सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली, आणि ती १८९३ सालीं हिमालयांत मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. तेथेंच १९२० नंतरच्या दशकांत एडवर्ड्स यांनीं बुळकांडीचें विष शेळ्यांच्या शरीरांतून वारंवार नेऊन सौम्य केलें आणि त्यापासून लस तयार केली. स्वतंत्र भारतानें १९५४ सालीं देशव्यापी लसीकरणाची योजना हातीं घेतली. आपल्या देशांतील बुळकांडीचा शेवटचा उद्भव १९९५ सालचा, आणि २०११ सालीं हा रोग साऱ्या पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. माणसानें समूळ नष्ट केलेले सांसर्गिक रोग आजवर दोनच. एक देवी, आणि दुसरी ही बुळकांडी. या विजयाचे पुतळे कोठें दिसत नाहींत. तो विजय प्रयोगशाळेइतकाच गांवोगांव लसीची पेटी घेऊन हिंडणाऱ्या पशुवैद्यांचा आणि आजारी जनावर वेळींच वेगळें बांधणाऱ्या दवाखान्यांचा आहे.

परंतु इस्पितळाच्या रोजच्या कामांतला सर्वांत कठीण रोगी चार पायांचा नसतो. सुजलेल्या खांद्यावरचें खरें औषध मलम नव्हे, विश्रांति. वैद्य म्हणतो, पंधरा दिवस जू लावूं नको. गाडीवानाच्या कानांत त्याचा अर्थ असा उमटतो कीं, पंधरा दिवस चूल पेटवूं नको. एका बैलावर गाडी चालत नाहीं. म्हणून एक बैल इस्पितळांत राहिला कीं दुसरा घरीं बसतो, आणि वैरण मात्र दोघांनाहि लागते. त्यांतून कायद्यानें जनावर अडकवून ठेविलें तर त्याच्या पोषणाचा खर्चहि धन्यावर. जनावराची बाजू घेणारी दया माणसाच्या बाबतींत निर्दय होण्याचा धोका येथें सदैव असतो. आणि उलट, धन्याची गयावया ऐकून बैल सोडून द्यावा तर जखमेवर पुन्हां जू बसणार. या पेंचांत वैद्य रोज सांपडतो. त्यावर पुस्तकांत औषध लिहिलेलें नाहीं.

कायद्याच्या इतिहासांत या पेंचाचें प्रतिबिंब पाहावयास मिळतें. प्राण्यांना क्रूरपणें वागविण्याला आळा घालणारा १८९० चा कायदा मागें पडून स्वतंत्र भारतांत १९६० सालीं नवा कायदा झाला. त्याच्या ३५ व्या कलमांत दंडाधिकाऱ्यापुढें तीन वाटा ठेविल्या आहेत. जनावर आपल्या नेहमींच्या कामास योग्य होईपर्यंत त्याला इस्पितळांत ठेवावें. किंवा पांजरपोळांत पाठवावें. किंवा तें बरें होण्यासारखें नाहीं, अथवा क्रूरतेशिवाय हलवितां येण्यासारखें नाहीं, असा पशुवैद्यानें दाखला दिला तर त्याचा अंत करावा. आपण वर पाहिलेले सर्व प्रवाह, लष्करी वैद्याची बंदूक, भुलेश्वरचा पांजरपोळ आणि परळचें इस्पितळ, या एका कलमांत शेजारीं शेजारीं येऊन बसले आहेत. खर्च धन्यानें द्यावा असें तेंच कलम सांगतें. परंतु धन्याच्या गरिबीमुळें दंडाधिकाऱ्यानें तसा हुकूम केला तर उपचाराचा आकार घेऊं नये, अशी सूटहि त्यांत आहे. रोगी दोन आहेत ही गोष्ट कायद्यानेंहि ओळखली आहे, हें त्या लहानशा सवलतींतून दिसतें.

दरम्यान शहर बदलत गेलें, आणि दारांतली रांगहि बदलली. विजेच्या ट्राम १९०७ सालीं आल्या आणि ट्रामच्या घोड्यांची सुटका झाली. शहरांतल्या म्हशी १९४९ पासून आरे येथील दुग्ध वसाहतींत जाऊं लागल्या. मोटारींनीं बैलगाड्या हटविल्या. उरलेल्या शोभेच्या घोडागाड्या मुंबईंत चालविणें बेकायदा असल्याचा निर्णय उच्च न्यायालयानें २०१५ सालीं दिला. कामाचीं जनावरें गेलीं म्हणजे इस्पितळ ओस पडावयास हवें होतें. पण तसें झालें नाहीं. कुत्रीं, मांजरें आणि पक्षी यांनीं ती जागा घेतली. ज्या कुत्र्यांच्या हत्येवरून १८३२ सालीं दंगल झाली, त्यांची संख्या मारून नव्हे तर निर्बीजीकरण व लसीकरण करून आटोक्यांत ठेवावी, असे नियम २००१ सालीं झाले आणि २०२३ सालीं ते नव्यानें घालून देण्यांत आले. करुणेनें मागितलेली गोष्ट अखेर शास्त्राच्या हातून करवून घ्यावी लागली, आणि तिला मध्यें जवळ जवळ पावणेदोनशें वर्षें लागलीं.

जखमांचें स्वरूपहि बदललें. एके काळीं गाईच्या पोटांत खिळा किंवा तार जाई आणि तेथून हृदयाला टोंचे. आज रस्त्यावर फिरणाऱ्या गाईचें पोट चिरलें तर त्यांतून प्लास्टिकच्या पिशव्यांचे गोळेच्या गोळे निघतात. संक्रांतीच्या सुमारास काचेची पूड लावलेल्या मांजानें पंख चिरलेले पक्षी येऊं लागतात. ट्रामच्या काळीं शहराचा भार घोड्याच्या पायांवर लिहिला जाई; आज शहराचा कचरा गाईच्या पोटांत आणि शहराची करमणूक घारीच्या पंखावर लिहिली जाते.

येथें एक गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे, कारण तींत चूक दयेच्या बाजूनें झाली. गुरांच्या वेदना व सूज कमी व्हावी म्हणून डायक्लोफेनॅक नांवाचें औषध आपल्या देशांत सर्रास दिलें जाऊं लागलें. हेतु चांगला, गुणहि चांगला. परंतु तें औषध दिलेलें जनावर मेलें आणि गिधाडांनीं तें खाल्लें कीं गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होत. २००४ सालीं हें कारण शास्त्रज्ञांनीं उघडकीस आणलें, आणि २००६ सालीं भारतानें जनावरांसाठीं त्या औषधाच्या उत्पादनावर बंदी घातली. पण तोंवर देशांतल्या गिधाडांच्या मुख्य जातींपैकीं बहुतेक पक्षी मरून गेले होते. मुंबईंत हा घाव विशेष खोल आहे. ज्या पारशी समाजानें शहराला जनावरांचें इस्पितळ दिलें त्याच समाजाच्या मलबार टेकडीवरील दोखम्यांना गिधाडें नाहींशीं झाल्यानें मोठी अडचण उत्पन्न झाली. एका जनावराची वेदना कमी करतांना दुसऱ्या कोणावर काय ओढवतें, हें पाहणें हाहि वैद्यकाचाच भाग आहे, असा धडा यांतून मिळाला.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर काय? किंमतीसाठीं कीं जिवासाठीं? इतिहास असें सांगतो कीं, किंमतीचा विचार नसता तर ही विद्याच वाढली नसती. रिसाल्याच्या घोड्यानें, नांगराच्या बैलानें आणि दुभत्या म्हशीनें तिची फी भरली आहे. परंतु किंमतीपाशींच ती थांबली असती तर ट्रामचे घोडे गेले त्या दिवशीं परळच्या इस्पितळालाहि कुलूप लागलें असतें. कुलूप लागलें नाहीं, कारण त्या दारांत पांजरपोळाचें ब्रीदहि उभें होतें. ज्ञानानें दयेला हात दिले. दयेनें ज्ञानाला, बाजारभाव संपल्यावर पुढें कोठें जावयाचें तें दाखविलें.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीं कोणी शाळकरी मुलगा खोक्यांत घालून एक कबूतर आणतो. नोंदवहींतल्या धन्याच्या रकान्यांत त्या कबुतरापुढें कोणाचेंच नांव नसतें. तें गाडी ओढीत नाहीं, दूध देत नाहीं, घर राखीत नाहीं. बरें झालें तर उडून जाईल आणि कोणाचें तें कधींच होणार नाहीं. तरी त्याचा पंख धुतला जातो, पिसें बाजूला सारून जखम शिवली जाते, आणि रांगेतल्या पुढच्या रोग्याला हांक मारण्यांत येते.